'थॅकरे' या इंग्रजी आडनावाचा माग काढताना

बेळगावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला कित्तूरची लढाई वेगळी सांगावी लागत नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या फौजेने कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याला ठार केले, हे आम्ही इतक्या वेळा पाठ केले होते की त्या माणसाच्या आडनावाकडे कोणी स्वतंत्रपणे पाहिलेच नाही. पुढे नोकरीनिमित्त लीड्सला आलो, तेव्हा तेच आडनाव, पण निराळ्या स्पेलिंगने, जागोजागी दिसू लागले. सेंट जेम्स रुग्णालयाजवळ जुन्या वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रयगृहाच्या, इमारतीत जे वैद्यकीय संग्रहालय आहे, त्याचे नाव थॅक्रे. १९०२ साली याच शहरात औषधांचे दुकान घेऊन पुढे शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा मोठा कारखाना उभारणाऱ्या चार्ल्स थॅक्रे यांच्या पेढीवरून ते आलेले आहे. कामगारांच्या व्यवसायजन्य आजारांवर १८३१ साली इंग्लंडमधले पहिले महत्त्वाचे पुस्तक लिहिणारा लीड्सचा डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा, म्हणजे तिसरे स्पेलिंग. उरलेल्या इंग्लंडमध्ये जे आडनाव क्वचितच कानावर पडते, ते एका शहरात एवढे दाट कसे, आणि त्याचे मूळ नेमके कुठे, हे शोधायचे मी ठरवले. त्या शोधाची हकीकत येथे देतो. सोयीसाठी मधे 'ई' असलेल्या स्पेलिंगला मी 'थॅकरे' म्हणेन आणि 'ई' नसलेल्याला 'थॅक्रे'.

असे काम करणारे लोक इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. एकाच आडनावाचा सर्व काळातील आणि सर्व ठिकाणचा अभ्यास करणाऱ्या हौशी मंडळींची एक संघटना १९७९ पासून चालू आहे. त्यांच्या पद्धतीतला पहिला धडा असा, की आपल्या घराण्याचा वंशवृक्ष आणि आडनावाचा अभ्यास ही दोन वेगळी कामे आहेत. वंशवृक्षात आपण एका माणसावरून त्याच्या बापाकडे आणि आजाकडे जातो. आडनावाच्या अभ्यासात ते आडनाव लावणारा प्रत्येक माणूस, तो कोणाचा कोण हे कळण्याआधीच, तारीख आणि ठिकाण यांसह टिपून ठेवायचा असतो. नाती नंतर जुळतात, किंवा जुळत नाहीत.

सुरुवात स्पेलिंगांच्या यादीपासून केली. थॅकरे, थॅक्रे, शेवटी 'एच' असलेले किंवा नसलेले थॅक्रा, मधे 'डब्ल्यू' घेऊन येणारे थॅकव्रे, आणि यांच्या आणखी उपशाखा. संगणकावरच्या सूच्यांमध्ये मधल्या अक्षरांच्या जागी तारांकन टाकून शोधता येते, पण त्या जाळ्यात 'थॅकर' हे आडनावही मोठ्या संख्येने अडकते. थॅकर म्हणजे गवताने छप्पर शाकारणारा. तो धंद्यावरून पडलेला आणि अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झालेला वेगळा शब्द आहे, म्हणून तो बाजूला काढावा लागला. उलट बाजूने, जी नावे खरोखर आपली आहेत ती नक्कल करणाऱ्याने चुकीची वाचल्यामुळे हरवलेली असतात. जुन्या हस्ताक्षरातला मोठा 'टी' घाईत 'एस'सारखा दिसतो, आणि मग थॅक्रे कुटुंब 'शॅक्रे' होऊन भलत्याच पानावर जाऊन बसते. अशी हरवलेली मंडळी परत आणण्यात माझा बराच वेळ गेला, आणि खरे सांगायचे तर या कामातला सर्वांत आनंदाचा भागही तोच होता.

पसारा किती हे पाहण्यासाठी १८८१ची जनगणना सर्वांत सोयीची. ३ एप्रिल १८८१च्या रात्री इंग्लंड आणि वेल्समध्ये जे सुमारे दोन कोटी साठ लाख लोक होते, त्यांची घरवार नोंद स्वयंसेवकांनी पुढे अक्षरशः उतरवून काढली. त्यामुळे आडनावांचे नकाशे बहुधा याच वर्षावर आधारलेले असतात. मात्र नकाशा वाचताना एक पथ्य पाळावे लागते. नुसती डोकी मोजली तर लंडन जवळजवळ प्रत्येक आडनावात वर येते, कारण लंडनमध्ये सगळेच जास्त आहेत. म्हणून दर लाख वस्तीमागे त्या आडनावाची माणसे किती, असे प्रमाण काढायचे. ते काढल्यावर लंडनचा डाग फिका झाला आणि यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम भागावर, विशेषतः लीड्सपासून उत्तरेला नेर्सबरोपर्यंतच्या पट्ट्यावर, शाई ओतल्यासारखी दिसू लागली. त्यातही 'ई' नसलेले थॅक्रे जवळजवळ सगळे तिथेच एकवटलेले, तर 'ई' असलेले थॅकरे संख्येने कमी आणि देशभर विखुरलेले होते. तेव्हा या फरकाचा अर्थ मला लागला नाही. तो पुढे लागला.

हा नकाशा म्हणजे औद्योगिक क्रांतीनंतरचे चित्र होय. लीड्सची वस्ती १८०१ मध्ये सुमारे ५३ हजार होती, ती १८८१ मध्ये तीन लाखांवर गेली. लोकर आणि जवसाचे सूत (लिनन) यांच्या गिरण्यांनी आजूबाजूची खोरी उपसून माणसे शहरात आणली. तेव्हा लीड्समध्ये थॅक्रे पुष्कळ आहेत याचा अर्थ आडनाव लीड्सचे आहे, असा नव्हे. आडनावांच्या भूगोलावर १८९० साली पहिले पद्धतशीर पुस्तक लिहिणाऱ्या हेन्री गपीने म्हणूनच शहरे सोडून केवळ शेतकऱ्यांची आडनावे मोजली होती. जमिनीला बांधलेला माणूस सहसा हलत नाही, हा त्याचा हिशेब. मीही तेच केले. ज्या नोंदींत धंदा शेती असा लिहिला होता त्या वेगळ्या काढल्या, आणि डाग लीड्सवरून सरकत उत्तरेला, वॉर्फ आणि निड या नद्यांमधल्या डोंगराळ भागात जाऊन थांबला.

तेथून मागे जायचे तर चर्चच्या नोंदवह्यांना पर्याय नाही. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. त्याआधीचे सगळे पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या, हाती. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावे असा हुकूम काढला, परंतु सुरुवातीच्या कागदी वह्या बहुतेक ठिकाणी नष्ट झाल्या. १६४०च्या दशकातल्या यादवी युद्धात पुष्कळ ठिकाणी नोंदीच तुटल्या. त्यातून वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेले मूल आधीच्या वर्षात पडते आणि बापाच्या लग्नाशी त्याचा मेळ बसत नाही. हे लक्षात ठेवून प्रत्येक तारीख दुहेरी लिहावी लागते. १८१३ नंतर मात्र छापील रकान्यांच्या वह्या आल्या, त्यांत बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिलेले असते, आणि एखादे कुटुंब शेतावरून गिरणीकडे कसे गेले ते पानोपानी वाचता येते.

या भागातल्या फ्यूस्टन आणि हॅम्प्सथ्वेट या दोन पॅरिशच्या वह्या शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापून निघाल्या आहेत. लीड्सच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात मी संध्याकाळी त्या घेऊन बसत असे. तेथल्या ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, की छापील पुस्तकातली सूची पाहून उठू नका, सगळी पाने वाचा. त्याचा अर्थ लवकरच कळला. एकाच बापाच्या लागोपाठच्या मुलांच्या बाप्तिस्म्यात आडनाव एकदा 'डब्ल्यू'सह, एकदा नुसते 'रा' वर संपणारे आणि एकदा 'ई' घालून असे तीन तऱ्हांनी लिहिलेले होते, आणि सूचीत ती तीन निरनिराळी आडनावे झाली होती. शेतकऱ्याला स्वतःला लिहिता येत नव्हते. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. त्या काळात स्पेलिंगावरून घराणे ओळखणे ही शुद्ध फसवणूक आहे, आणि 'आमचे ई वाले, ते बिन-ई वाले, आमचा त्यांचा संबंध नाही' असे सांगणाऱ्या आजच्या मंडळींना हे पान अवश्य दाखवावे.

नोंदवह्यांपेक्षाही जुने साधन नेर्सबरोच्या न्यायालयाने दिले. हा सगळा मुलूख एके काळी नेर्सबरोचे शाही अरण्य होता आणि १३७२ पासून लँकेस्टरच्या डचीकडे, म्हणजे ड्यूकच्या जहागिरीकडे, होता. अरण्य म्हणजे दाट झाडी नव्हे. शिकारीचा हक्क राजाने राखलेला प्रदेश, ज्यात शेते, कुरणे आणि वस्त्या होत्याच. तेथल्या रयतेची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयाऐवजी तेथल्याच जहागिरीच्या न्यायालयात नोंदवली जात, आणि ती १५०७ पासून उपलब्ध आहेत. या मृत्युपत्रांच्या छापील खंडांत आपले आडनाव वारंवार भेटते. दुभत्या गाई, मेंढ्या, गवताची गंजी, लोखंडी भांडे, ओकची पेटी अशी वाटणी असलेली ही मृत्युपत्रे वाचताना माणसे एकदम जवळची होतात; पण माझ्या दृष्टीने त्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट साक्षीदारांची नावे, कारण साक्षीदार शेजारचे असतात आणि शेजारी कळले की शेत कळते. १६७२ची चुलीगणिक आकारलेल्या कराची यादी ताडून पाहिली, तर तीही याच खोऱ्याकडे बोट दाखवत होती.

यापलीकडे जायला एकच पूल उरतो, तो १३७९च्या डोईपट्टीचा. वेस्ट रायडिंगच्या त्या वर्षीच्या याद्या सुदैवाने टिकल्या आहेत आणि यॉर्कशरच्या पुरातत्त्व मंडळाने त्या एकोणिसाव्या शतकात छापल्याही. सोळा वर्षांवरील प्रत्येकाने पट्टी द्यायची, नवरा-बायको मिळून एकच, आणि सामान्य माणसाची किमान रक्कम चार पेन्स. लॅटिनमध्ये नाव, पुढे 'आणि त्याची बायको', आणि शेवटी रोमन अंकातले चार, अशा रांगाच्या रांगा असतात. या याद्यांत आपले आडनाव 'द' लावून येते, म्हणजे 'थॅकव्राचा अमुक'. हा 'द' निर्णायक ठरला. आडनाव धंद्यावरून नव्हे, बापाच्या नावावरूनही नव्हे, तर ठिकाणावरून पडले आहे. आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांचीच ही जात आहे.

मग ते ठिकाण कोणते? याचे उत्तर ए. एच. स्मिथ यांनी वेस्ट रायडिंगच्या स्थलनामांवर १९६०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या आठ खंडांत सापडले. फ्यूस्टन पॅरिशमधल्या ग्रेट टिंबल या वस्तीच्या हद्दीत थॅक्रे नावाची जागा होती. नाव स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या भाषेतले: 'थाक' म्हणजे छपराचे गवत किंवा बोरू, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा. नदीकाठचा, बोरू उगवणारा एक कोपरा. त्या 'व्रा'मुळेच मधे 'डब्ल्यू' येतो, आणि बोलताना तो गळून पडतो. उत्तरेकडे कंबरलँडमध्ये डॉक्रे नावाचे गाव आहे, त्याच्या नावाचा उत्तरार्धही हाच, आणि त्यावरून पडलेल्या आडनावाची स्पेलिंगेही डॉक्रे, डॉकरे, डॉकव्रा अशीच फुटली आहेत. हे जोडीदार आडनाव भेटल्यावर थॅकरेमधला 'ई' हा कोणाच्या कुलीनतेची खूण नसून दोन व्यंजनांमध्ये जिभेने घेतलेला विसावा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

ती जागा पाहायला गेलो तेव्हा तेथे पाणी होते. लीड्सच्या वाढत्या वस्तीची तहान भागवण्यासाठी तेथल्या नगरपालिकेने वॉर्फला मिळणाऱ्या वॉशबर्न नदीवर एकामागून एक तलाव बांधले. त्यांतला फ्यूस्टनचा तलाव १८७९ साली पुरा झाला आणि थॅक्रेची जागा त्याच्या पोटात गेली. म्हणजे ज्या १८८१च्या नकाशावरून मी निघालो, त्या जनगणनेच्या वेळी आडनावाचे गाव बुडून अवघी दोन वर्षे झाली होती, आणि ते ज्या शहरासाठी बुडाले त्याच शहरात ते आडनाव लावणारे सर्वांत जास्त लोक नळाने ते पाणी पीत होते. घरी येऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काढलेला, मैलाला सहा इंच या प्रमाणाचा सर्वेक्षण नकाशा आजच्या उपग्रह छायाचित्रावर ठेवून पाहिला, तेव्हा तलावाच्या निळ्या रंगाखाली बांध, पायवाटा आणि नदीचे जुने वळण स्पष्ट दिसले. तलावाचे बांधकाम आणि भरलेले पाणी यांमुळे काठावरची जमीन सरकली आणि फ्यूस्टन गावातली अनेक घरे तडे जाऊन पाडावी लागली. चर्च तेवढे उंचावर आहे. आगीनंतर १६९७ मध्ये पुन्हा बांधलेले. त्याच्या आवारात मी थडग्यांवरची आडनावे वहीत उतरवली.

एवढ्याशा कोपऱ्यावरून पडलेले आडनाव बहुधा एकाच कुटुंबाचे असते, असे मानायला जागा आहे. न्यूटन नावाची गावे इंग्लंडभर आहेत, म्हणून न्यूटन आडनावाच्या दोन माणसांचा एकमेकांशी संबंध असण्याचे कारण नाही. थॅक्रे एकच होते. तरी याला पुरावा म्हणता येत नाही. एका शेतावर एकामागून एक दोन कुळे राहिली आणि दोघांनाही शेजाऱ्यांनी तेच नाव दिले, असेही घडू शकते.

आता त्या 'ई'कडे येतो. फ्यूस्टनहून पाच-सात मैलांवर निड नदीकाठी हॅम्प्सथ्वेट आहे. तेथल्या शाखेतला टॉमस थॅकरे हा मुलगा ईटनला आणि पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला, आणि १७४६ ते १७६० या काळात हॅरो शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याच्या सोळा मुलांतला सर्वांत धाकटा विल्यम मेकपीस थॅकरे १७६६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला, सिल्हेटचा पहिला कलेक्टर झाला आणि कंपनीला हत्ती पुरवून त्याने बराच पैसा केला. त्याचा मुलगा रिचमंड याच्या पोटी १८११ साली कलकत्त्यात जो विल्यम मेकपीस जन्मला, तो प्रसिद्ध कादंबरीकार. कित्तूरला पडलेला सेंट जॉन हा रिचमंडचा भाऊ, म्हणजे कादंबरीकाराचा काका. धारवाडला त्याचे स्मारक आहे. या घराण्याच्या भारतातल्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कंपनीच्या काळातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने तेथे बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिकांत लावलेली आहेत. त्या चाळताना कोण कुठल्या इलाख्याच्या नोकरीत होते हे आधी ठरवावे लागते. सेंट जॉन धारवाडला होता म्हणून त्याला मुंबईच्या मालिकेत शोधणे व्यर्थ, कारण तो मद्रासच्या सेवेतला.

या शाखेचा माग लागल्यावर १८८१च्या नकाशातला तो फरक उलगडला. जी माणसे शिकली, पाद्री, डॉक्टर, मुलकी अधिकारी झाली आणि स्वतःच्या हाताने सही करू लागली, त्यांचे स्पेलिंग अठराव्या शतकातच 'ई'सह गोठले, आणि तीच माणसे दूर गेली. जी शेतावर आणि गिरणीत राहिली त्यांचे स्पेलिंग पाद्र्याच्या मर्जीने शंभर वर्षे अधिक डोलत राहिले आणि शाळा सक्तीच्या झाल्यावर, ज्या रूपात सापडले त्या रूपात पक्के झाले. म्हणून स्पेलिंगांचा नकाशा हा माझ्या मते वंशांचा नकाशा नाही. तो साक्षरतेचा नकाशा आहे. याला अपवाद आहेतच. नॉटिंगहॅममध्ये कापसाच्या गिरण्या चालवणारे थॅकरे होते आणि त्यांच्या नावाची गल्ली तेथे आजही आहे; हॅरोच्या मुख्याध्यापकाशी त्यांचा 'ई' जोडण्याची गरज नाही.

जगभरच्या आडनावांचे जे नकाशे आता संगणकावर मिळतात, त्यांत 'ई' असलेल्या स्पेलिंगचा एक ठिपका मुंबईवरही उमटतो. मराठी वाचकाला त्याचे कारण सांगायला नको. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी कादंबरीकार थॅकरे याच्या आवडीमुळे आपले आडनाव रोमन लिपीत त्याच्यासारखे लिहायला घेतले, असे सर्वत्र सांगितले जाते. त्यांच्या घराण्यात पूर्वी धोडपकर आणि पनवेलकर ही गावांवरून पडलेली आडनावेही चालली होती. विदर्भातले ठाकरे मात्र आपले आडनाव रोमन लिपीत साध्या उच्चाराप्रमाणे लिहितात, त्यामुळे नकाशावर ते वेगळेच आडनाव ठरतात. यंत्राला अक्षरे तेवढी दिसतात. देवनागरीत एक असलेले दोन आणि उगमाने दोन असलेले एक, अशी त्याची गल्लत होते. माझ्या तक्त्यातून मुंबईचे ठाकरे मी वगळले, आणि का वगळले ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवले, कारण पुढे तो तक्ता वापरणारा मराठी असेलच असे नाही.

उरलेला प्रश्न एकाच मूळ पुरुषाचा. कागद त्याचे उत्तर देणार नाहीत, पण बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र देऊ शकेल. आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच, म्हणजे साइक्स या यॉर्कशरच्या आडनावावर असा प्रयोग केला, तेव्हा तपासलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांत एकच नमुना आढळला आणि बहुतेकांचे मूळ एक असावे असा निष्कर्ष त्यांनी काढला. थॅक्रेंसाठी हे करायचे तर लीड्सचे, निडच्या खोऱ्यातले आणि नॉटिंगहॅमचे असे परस्परांशी नाते ठाऊक नसलेले पुरुष हवेत. एकाच कुटुंबातले चार चुलतभाऊ घेऊन काही सिद्ध होत नाही. काही जणांनी होकार दिला आहे. काहींनी खर्च कोण करणार असे विचारले, आणि यॉर्कशरच्या माणसाने ते विचारणे रास्तच होते. 'डब्ल्यू' लावणारी मंडळी संख्येने सर्वांत थोडी आणि, माझ्या अंदाजाप्रमाणे, मूळ जागेच्या सर्वांत जवळची असल्यामुळे सध्या त्यांनाच पत्रे पाठवतो आहे.